कुमुदताईंचं रोम

कुमुदताई पाटणकर कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या, की आधी भिंत वाजवून बघायच्या. दारावर टकटक करावी तशी, बोटांच्या पेरांनी, दोन-तीन ठिकाणी. मग कान थोडा तिरका करून ऐकायच्या. मेलबर्नच्या कडेला नव्याने वसलेल्या आमच्या ट्रुगानिनात तेव्हा दर महिन्याला कुणाची ना कुणाची वास्तुशांत असायची. नवं घर, नवा सोफा, किचनचा पांढराशुभ्र ओटा. यजमान कौतुकाने घर दाखवत असायचे आणि कुमुदताई मागे राहून भिंत वाजवायच्या. एकदा एका हौशी गृहस्थांनी विचारलंच, "काय म्हणतेय आमची भिंत?"

"पोकळ आहे," ताई म्हणाल्या. गृहस्थांचा चेहरा उतरला. "अहो, वाईट अर्थाने नाही. इथे सगळ्यांचीच पोकळ असते. जड फोटो लावायचा असला तर आत लाकूड कुठे आहे ते बघून खिळा मारा, एवढंच."

अशा बोलण्याने त्यांना आमंत्रणं कमी येत. त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे. एका कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, बिल्डिंग इन्स्पेक्टर म्हणून त्यांनी उभी हयात नोकरी केली होती. पुण्याहून सिव्हिल इंजिनिअर होऊन, नवऱ्याच्या मागोमाग त्या मेलबर्नला आल्या तेव्हा हेल्मेट घालून साइटवर उभी राहणारी भारतीय बाई हा तिथल्या बिल्डरांना चेष्टेचा विषय होता. "घर बांधणाऱ्यालाही मी आवडायची नाही आणि घेणाऱ्यालाही नाही," त्या सांगत. "म्हणजे काम नीट चाललं होतं."

त्या माझ्या घरासमोर राहायच्या. नवरा, शशिकांतराव, पुष्कळ वर्षांपूर्वी गेले होते. मूलबाळ नव्हतं. रिटायर झाल्यावर शहराच्या पलीकडचं जुनं घर विकून त्या इकडे आल्या, कारण इथे दुकानात गवार मिळते आणि येता-जाता मराठी कानावर पडतं. मी त्यांना ओळखायला लागलो तो दोन हजार वीसच्या मार्चमध्ये. माझी बायको ऋचा पहिल्या बाळंतपणासाठी साताऱ्याला माहेरी गेली होती. मी तिच्या मागोमाग जूनमध्ये जाणार होतो. मार्चमध्ये कोविडमुळे ऑस्ट्रेलियाची दारं बंद झाली. आत यायला बंदी आणि बाहेर जायलाही.

एका सकाळी मी कचऱ्याचा बिन आत घ्यायला बाहेर आलो, तर एक पांढऱ्या केसांच्या बाई माझ्या गॅरेजच्या भिंतीपाशी उभ्या. ट्रॅकपँट, वर कार्डिगन, पायात जाड बूट. भिंतीकडे बघत होत्या, पण सरळ नाही. मान एका बाजूला वळवलेली, जणू शेजारच्या झाडाकडे बघतायत.

"तुझ्या भिंतीला तडा गेलाय," त्या मराठीतच म्हणाल्या. "विटांच्या सांध्यातून जिन्यासारखा वर चढतोय. पाइप गळत असेल खाली. भाड्याचं घर ना? एजंटला सांग." आणि वळून जाताना म्हणाल्या, "पडण्याआधी प्रत्येक भिंत सांगते. ऐकणारं घरी असलं पाहिजे."

मी घरीच होतो. तेवढंच तर होतो.

ते वर्ष ज्यांनी मेलबर्नमध्ये एकट्याने काढलं त्यांना फार सांगावं लागत नाही. पाच किलोमीटरच्या आत राहायचं. दिवसातून एक तास व्यायामाला बाहेर पडायचं. संध्याकाळी कर्फ्यू. मुलांच्या घसरगुंडीला पट्टी बांधलेली. आमच्या भागातली झाडं अजून खांद्याएवढीच होती, त्यामुळे वारा थेट घरांवर यायचा आणि सगळ्या घरांचे पडदे ओढलेले असायचे. ऑफिसच्या मीटिंगा सोडल्या तर तोंडातून शब्द निघायचा तो फोनवर. जूनमध्ये ईरा जन्मली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते सासऱ्यांच्या हातातल्या मोबाईलमधून. अर्ध्या पडद्यावर नर्सची बाही होती.

सप्टेंबरमध्ये सरकारने एक सवलत दिली. एकट्या राहणाऱ्या माणसाला एक माणूस निवडता येईल, एकच, आणि त्या दोघांनी एकमेकांच्या घरी गेलेलं चालेल. त्याला 'बबल' म्हणत. बातमी आली त्या दुपारी कुमुदताई माझ्या ड्राइव्हवेच्या टोकाला येऊन उभ्या राहिल्या. तोंडावर मास्क.

"मंदार, तुझं कुठे ठरलंय का?"

मला हसू आलं. स्थळ सांगून आल्यासारखं त्यांनी विचारलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"मग माझा विचार कर. स्वयंपाक मला बरा येतो. बडबड कमी करते. एक काम मात्र करून घेईन तुझ्याकडून."

असा मी कुमुदताईंचा बबल झालो.

पुढच्या शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. सहा महिन्यांत दुसऱ्या माणसाच्या घरी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. साधं वरण-भात आणि गवारीची भाजी, पण समोर कुणीतरी जेवतंय याचाच मला संकोच वाटत होता. जेवण झाल्यावर त्यांनी मला काम सांगितलं. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. डोळ्यात इंजेक्शनं चालू होती, पण आजार दमादमाने पुढे सरकत होता. समोर जे बघावं तिथे धुरकट डाग यायचा, कडेचं मात्र दिसायचं. म्हणून त्या सदा मान वळवून बघत. मी तोपर्यंत त्याला त्यांची लकब समजत होतो.

"समोर बघितलं की ते नाहीसं होतं," त्या म्हणाल्या. "बाजूला बघितलं की येतं. चोरून बघावं लागतं सगळं."

त्या एप्रिलमध्ये त्यांना रोमला जायचं होतं. तिकिटं होती, राहायची सोय होती, सगळं रद्द झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वर्ष-दोन वर्षं बरी नजर मिळेल, पुढचं सांगता येत नाही. आणि देशाचं दार कधी उघडेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

"तर तू मला रोम दाखवायचं," त्या म्हणाल्या. "तिथलं सगळं नाही. जुन्यात जुनं जे अजून उभं आहे, तेवढंच."

लॅपटॉपवर नकाशा उघडून रस्त्यांचे फोटो त्यांच्या मोठ्या टीव्हीवर लावायचे, बाणावर क्लिक करत चालल्यासारखं पुढे जायचं आणि दिसेल ते बोलून सांगायचं, असं ते काम होतं. त्या खुर्ची तिरकी करून बसायच्या, टीव्ही डाव्या कानाच्या बाजूला घेऊन.

पहिल्या शनिवारी आम्ही नदीकाठच्या एका गोल देवळापुढे उभे राहिलो. मी म्हणालो, "गोल आहे. खांब आहेत. छान आहे."

"'छान' हा रिपोर्ट नव्हे," ताई म्हणाल्या. "मी असं लिहिलं असतं तर मला घरी पाठवलं असतं. काय दिसतंय ते सांग."

मी पुन्हा बघितलं. पांढरट खांब वर्तुळात उभे होते, अंगावर उभ्या पन्हळी. काहींचा दगड खाल्ल्यासारखा झाला होता. वर कौलांचं बसकं छप्पर. "दुसऱ्याचीच टोपी घातल्यासारखं वाटतंय," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. "बरोबर. ती त्याची टोपी नाहीच. मूळचं छप्पर गेलं, खांबांवरचा दगडी पट्टाही गेला. हे नंतर कुणीतरी घातलं. पण खांब आणि आतली भिंत येशूच्याही आधीची. संगमरवर ग्रीसमधून आणलेला. रोममध्ये संगमरवराचं इतकं जुनं दुसरं काही उभं नाही. पुढे बघ."

मी बाण दाबत देवळाला अर्धी फेरी मारली. एका जागी थांबलो. "इथे अंतर जास्त आहे. एक खांब कमी आहे का?"

ताई खुर्चीवरून उठल्या. मग म्हणाल्या, "आता तुला दिसायला लागलं. चहा टाकते."

शेजारीच दुसरं देऊळ होतं, चौकोनी, बंदराच्या देवाचं. त्याच्या पुढचे खांब मोकळे आणि बाजूचे भिंतीतून अर्धेच बाहेर आलेले. तेही येशूच्या आधीचं. मग पुढच्या शनिवारी ते गटार, ज्याचं तोंड नदीच्या भिंतीत कमानीसारखं दिसतं आणि जे रोमच्या पहिल्या राजांच्या काळात सुरू झालं असं म्हणतात. मग टेकडीच्या पायथ्याचा तुरुंग, ज्याच्यावर आता चर्च आहे. मी एकदा विचारलं, की ते मोठं गोल स्टेडियम सोडून आपण या किरकोळ जागी का फिरतोय. त्या म्हणाल्या, "ते मोठं आहे, पण तरुण आहे. आणि त्याच्याकडे बघायला सगळं जग येतं."

त्यांना या दोन देवळांची ओढ का, ते त्यांनी हळूहळू सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी नवरा-बायको युरोपच्या बस टूरला गेले होते. तीस-पस्तीस भारतीय, रोज रात्री पनीर, रोमला अर्धा दिवस. नदीजवळ एका चर्चच्या ओसरीत दगडाचा मोठा चेहरा आहे. खोटं बोलणाऱ्याने त्याच्या तोंडात हात घातला तर हात तुटतो, अशी गोष्ट सांगतात. अख्खी बस फोटो काढायला तिथे रांगेत उभी राहिली. ताईंना रस्त्याच्या पलीकडे ही दोन देवळं दिसली. त्यांच्यापाशी एकही माणूस नव्हता. त्या रांग सोडून तिकडे गेल्या. गाईडने शिट्टी मारली ती त्यांना ऐकू आली नाही. परत आल्या तेव्हा बस त्यांच्यासाठी खोळंबली होती.

"शशी चिडला होता. म्हणाला, सगळ्यांच्या फोटोत बायका आहेत, माझ्या फोटोत मी एकटा. आणि लोकांसमोर मान खाली गेली ती वेगळीच. हॉटेलवर जाईपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, पुन्हा येऊ तेव्हा तू तुझ्या दगडांपाशी दिवसभर बस. मी माझा पेपर वाचत बसेन." त्यांनी खुर्ची पुन्हा तिरकी करून घेतली. "मग जमलं नाही."

एका शनिवारी मी जायचं टाळत होतो. ईराचं बारसं मी व्हिडिओवर पाहिलं होतं. पाळण्यात नाव ठेवायच्या नेमक्या वेळी चित्र गोठलं आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा लोक पेढे खात होते. मी आजारी आहे असा मेसेज केला. ताई भाताचा कुकर तसाच हातात घेऊन रस्ता ओलांडून आल्या.

"ताप आहे?"

"नाही."

"मग चल. लॅपटॉप घे."

त्या दिवशी त्यांनी नकाशा उघडू दिला नाही. म्हणाल्या, "तुझ्या मुलीचा फोटो लाव." मी लावला. भिंतीएवढ्या टीव्हीवर ईरा झोपलेली. ताई तिरक्या बसल्या. "मला बाळ आहे एवढंच कळतंय. काय दिसतंय ते सांग."

"गोड आहे," मी म्हणालो.

"रिपोर्ट दे, मंदार."

मी सांगायला लागलो. कपाळावर केस पुढे आलेले, मधोमध टोक काढून. डाव्या भुवईत बारीक खंड. वरचा ओठ पातळ, ऋचासारखा. मूठ गालाखाली, पण अंगठा बोटांच्या आत दाबलेला. उजव्या कानाची पाळी किंचित दुमडलेली. हे सांगता सांगता मला कळलं की मी तिच्याकडे रोज बघत होतो आणि हे काहीच पाहिलेलं नव्हतं. कानाची ती दुमड माझ्या आईच्या कानाला आहे.

ताईंनी वळून माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी त्यांना दिसलो नसतो. त्या टीव्हीच्या बाजूच्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "लोक म्हणतात पडद्यावर बघणं म्हणजे बघणं नव्हे. आपण दोघांनी तरी असं म्हणायचं नाही. आपल्याकडे तेवढंच आहे."

त्या वसंतात, म्हणजे इथल्या ऑक्टोबरात, लॉकडाऊन उठला. मग पुन्हा लागला. ऋचाचं तिकीट रद्द झालं, पुन्हा काढलं, पुन्हा रद्द झालं. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये भारतात जे चाललं होतं त्याच्या बातम्या बघवत नव्हत्या आणि तेव्हाच भारतातून येणारी विमानं काही दिवस पूर्ण बंद झाली. ऋचाचे वडील त्या लाटेत ऑक्सिजनवर होते. सुदैवाने ते वाचले. तेवढे दिवस ताई रोज सकाळी नुसत्या येऊन माझ्या किचनमध्ये बसत. कधी भाजी निवडत, स्पर्शाने. विचारपूस करत नसत. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत असलो की तेवढ्यात उठून डबा ठेवून जात.

ऋचा आणि ईरा जुलैमध्ये पोहोचल्या. हॉटेलच्या क्वारंटाइनमधून सुटून त्या बाहेर आल्या आणि मी हात पुढे केले, तेव्हा ईराने किंचाळून आईचा गळा धरला. वर्षाची झाली होती. रोज फोनवर मला "बाबा" म्हणायची. घरी आल्यावरही मी जवळ गेलो की रडायची आणि ऋचाने फोनवर माझा फोटो दाखवला की त्याच्याकडे बघून हसायची. मी हे ताईंना फाटकापाशी सांगितलं. मास्कमधून त्यांचं हसू ऐकू आलं.

"तिचा बाबा चपटा होता रे इतके दिवस. आता एकदम जाड झालाय. वेळ दे तिला."

त्यानंतर आमचे शनिवार कमी झाले. नियम होतेच, एकट्यानेच भेटायला जावं लागे. पण नियमांपेक्षा ताईच मागे सरल्या. मी निघालो की म्हणायच्या, "आज नको, मला झोपायचंय." एकदा मी आग्रह धरला तेव्हा त्यांनी बसवून सांगितलं. "ती देवळं का टिकली माहितीये? भक्कम होती म्हणून नाही. त्याहून भक्कम कितीतरी पाडली, दगड पळवले, भाजून त्यांचा चुना केला. या दोन्हींची चर्च झाली. माणसं आत जात-येत राहिली, कुणी गळकं कौल बदललं. ते गटार अजून पाणी वाहून नेतंय. कौतुकाने काही टिकत नाही, मंदार. वापरात असलं की टिकतं. तुझं घर आता वापरात आलंय. ते सांभाळ."

"आणि तुमचं?" मी विचारलं.

"माझं मी बघते."

त्या थंडीत, जुलै-ऑगस्टात, रात्री आठच्या आत त्यांच्या घरातला दिवा बंद व्हायचा. ऋचा खिडकीतून बघून म्हणायची, "झोपल्या इतक्यात?" मला ठाऊक होतं की दिव्याचा त्यांना उपयोग राहिलेला नाही.

नोव्हेंबरात देशाबाहेर जायला परवानगी मिळाली. ताईंनी मला आणि ऋचाला जेवायला बोलावून सांगितलं, "मे महिन्यात जातेय."

त्यांचा पुण्याचा भाचा अमेय स्पीकरवर होता. चांगला मुलगा, दर रविवारी फोन करायचा. "आत्या, मी खरं बोलतो, राग मानू नकोस. दिसत नाही तर बघायला काय जातेस?"

"दिसत नाही असं कुणी सांगितलं तुला? समोरचं दिसत नाही."

"पण पडलीस-बिडलीस तर? आणि कोविड संपलाय का अजून?"

"तो संपायची वाट बघितली तर मी संपेन," त्या शांतपणे म्हणाल्या. "इथे पडले तरी एकटीच आहे, अमेय. तिथे निदान रस्त्यात माणसं असतील."

मी म्हणालो, मी रजा काढतो, मी येतो बरोबर. ऋचाही हो म्हणाली. ताईंनी मान हलवली. "तुझी पोरगी आत्ता कुठे तुझ्या मांडीवर बसायला लागलीये. तू कुठेही जायचं नाहीस."

मग सहा महिने त्यांनी तयारी केली. पांढरी काठी वापरायचा क्लास लावला. सुरुवातीला काठी घेऊन आमच्या गल्लीत निघाल्या की लाजायच्या. जिने उतरायला, आवाजावरून रस्ता ओलांडायला शिकल्या. शनिवारी आम्ही पुन्हा नकाशा उघडू लागलो, पण आता देवळं नाही, रस्ते. त्यांच्या खोलीपासून नदीपर्यंत, कुठे फुटपाथ अरुंद होतो, कुठे सिग्नल आहे, कुठे दगडी फरशी सुरू होते. ते त्या तोंडपाठ म्हणायच्या. मी चुकवायला डावीकडे म्हणालो की म्हणायच्या, "तिकडे नदी आहे. बुडवतोस का मला?"

विमानतळावर व्हीलचेअर घेऊन एक मुलगा आला तेव्हा त्या त्याला "नो वरीज, मेट" म्हणाल्या आणि चालतच गेल्या. काठी पुढे, मान डावीकडे. सिक्युरिटीच्या दाराआड जाईपर्यंत त्यांनी मागे वळून बघितलं नाही. माझ्या कडेवर ईरा होती. तिने बराच वेळ टाटा केला.

रोमहून त्यांचा फोन पहिले दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी, आमच्याकडे संध्याकाळ होती, आला. मी सवयीने विचारलं, "काय दिसतंय?"

"देवळांना कुंपण आहे. हात लावता येत नाही. गोल देऊळ मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान आहे. सरळ उभी राहिले तर धूर दिसतो, म्हणून रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. मग खांब आले, एकेक करून." नंतर गाड्यांचा आवाज ऐकू येत राहिला. "तुझी ती खांबाची रिकामी जागा सापडली. आणि आज मी रांगेत उभी राहिले. दगडाच्या तोंडात हात घातला. एका कोरियन पोरीने फोटो काढून दिला. शशीला आता तक्रार नको."

कुमुदताई मेच्या शेवटी परत आल्या. त्यानंतर त्यांचं दिसणं झपाट्याने गेलं. पुढच्या वर्षी हिवाळ्यात एका सकाळी चहा करताना त्या किचनमध्ये कोसळल्या आणि उठल्या नाहीत. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मी आणि ऋचा पोहोचलो तेव्हा गॅस बंद होता. तेवढं त्यांनी केलं होतं. अमेय विमानाने आला आणि अस्थी घेऊन गेला. अंत्यविधीला बोटावर मोजण्याएवढे लोक होते. त्यांतले दोघे म्हातारे बिल्डर होते. एकाने मला सांगितलं, की या बाईने त्याला एक अख्खी भिंत पाडून पुन्हा बांधायला लावली होती, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. त्यांच्या घरात आता एक पंजाबी जोडपं राहतं.

मला मात्र आठवतो तो रोमहून निघायच्या आदल्या दिवशी आलेला त्यांचा फोन. मी ईराला वरण-भात भरवत होतो. फोन टेबलावर, स्पीकर चालू.

"आत्ता मी एका पुलावर आहे," त्या म्हणाल्या. "नदीतल्या बेटावर जाणारा. दोन हजार वर्षांपासून लोक ह्याच्यावरून जातायत. दोन कमानी, तेव्हाच्याच."

"हा आपण बघितला नव्हता," मी म्हणालो.

"मुद्दाम नाही दाखवायला सांगितला तुला. एक तरी गोष्ट पहिल्यांदा तिथेच बघायची होती."

"मग काय दिसतंय?"

त्या थोड्या हसल्या. "आज सकाळपासून काही विशेष दिसत नाहीये. ढग आहेत की डोळे, कळत नाही. कठड्याला टेकून बसलेय. बेटावर दवाखाना आहे, तिकडे लोक जातायत. तुला वेळ आहे का?"

"आहे."

"मग बोलू नकोस काही. नुसता फोन चालू ठेव."

मी चालू ठेवला. बाहेर ट्रुगानिनात अंधार पडला होता, वारा पडद्यांशी खेळत होता. फोनमधून पावलं ऐकू येऊ लागली. कुणाच्या टाचा, कुणाचे घासत जाणारे जोडे, चाकांची बॅग दगडांवरून खडखडत गेली, एक बाई भरभर काहीतरी बोलत जवळ आली आणि लांब गेली. खालून पाण्याचा आवाज येत होता. ईरा घास तोंडात धरून फोनकडे बघत बसली. मग खुर्चीवरून उतरून माझ्या मांडीवर आली.

"Who's walking?" तिने हळूच विचारलं.

"सगळे," मी म्हणालो. आणि आम्ही तिकडच्यांचं चालणं ऐकत राहिलो. फोन ठेवायची घाई कुणालाच नव्हती.